नेट गेले म्हणजे नेमके काय गेले?

(विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने इंटरनेटच्या जोडणीवर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. वार्षिकांकासाठी साहित्य मागविले तेव्हा मैत्रिणींनी कविता दिल्या, कोणी प्रवासवर्णन दिले. माझा प्रवास घरातल्या घरात, टेबलापासून भिंतीवरच्या डबीपर्यंतचा. परंतु त्याला दोन रात्री लागल्या. त्या दोन रात्रींत मी जे शिकले ते यंत्रशास्त्रापेक्षा तर्कशास्त्राच्या अधिक जवळचे आहे, असे माझे मत झाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग असा घडला. कांद्याची पट्टी आली तेव्हा आप्पांनी तालुक्याच्या गावाहून एक जुना संगणक आणला. तो पूर्वी कुठल्याशा कचेरीत वापरात होता. घरी फायबरची जोडणी आधीच होती. संगणक डबीला तारेने जोडला, सुरू केला, पडदा उजळला. पण एकही पान उघडेना. माझ्या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरण्यास तीन दिवस उरले होते, आणि गल्लीतल्या दोन मुलींचे अर्जही मीच भरून देणार होते. घरात चांगला मोबाईल एकच. तो दिवसभर दादाबरोबर कामावर असतो, आणि त्याच्या तडा गेलेल्या काचेवर दाखले ठरावीक आकारात बसवून जोडणे मला जमत नव्हते. तालुक्याला जाऊन अर्ज भरावेत, तर तिघींचे एस.टी.चे भाडे, तेथील आकार आणि सोबत म्हणून आईच्या कामाचा एक खाडा.

जोडणी देणाऱ्यांकडे फोन केला. तिकडून उत्तर आले, “लाईन ओके आहे. मशीनच खराब दिसतंय. फॉरमॅट मारावं लागेल, पाचशे रुपये होतील. परवा येतो.” आणि लगेच, “घरात कुणी जाणतं माणूस असेल तर त्यांच्याकडे फोन द्या.” मी फोन आप्पांकडे दिला. आप्पा चौथी शिकलेले. त्यांनी “बरं” म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“तू कॉलेजात जातीस न्हवं? बघ की मग काय झालंय ते.”

“आप्पा, मी आर्ट्सला आहे,” मी म्हणाले. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आप्पा म्हणाले, “शेवटच्या वाफ्याला पाणी आलं न्हाई म्हणून कुणी विहीर बुजवतं व्हय?”

पाटाचे पाणी आणि मिलची पद्धती

ज्यांनी रात्री शेतात दारे धरली आहेत त्यांना आप्पांच्या बोलण्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचेना, तर माणूस बॅटरी घेऊन पाटाने उलटा चालू लागतो. मध्यावर पाणी भरून वाहत असेल, तर मोटार, विहीर आणि पाटाचा वरचा अर्धा भाग यांची काळजी मिटली. दोष खालच्या अर्ध्यात आहे. पुन्हा त्या अर्ध्याचा मध्य पाहावयाचा. असे करता करता कुठे घुशीने पाडलेले बीळ सापडते, तर कुठे आधीच्या वाफ्याचे दार बुजवावयाचे राहून गेलेले असते.

आम्हाला तर्कशास्त्राच्या तासाला जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाच्या पद्धती शिकविल्या होत्या. त्याचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील व्यतिरेक पद्धती थोडक्यात अशी की, दोन प्रसंग एका गोष्टीखेरीज सर्व बाबतींत सारखे असतील, आणि एकात परिणाम घडत असून दुसऱ्यात घडत नसेल, तर कारण त्या वेगळ्या गोष्टीत शोधावे. मी हे पाठ करून परीक्षेत लिहिले होते व गुणही मिळविले होते. परंतु ते कुठे वापरावयाचे असते, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

रात्री दादा मोबाईल घेऊन घरी आला. तोच फोन, त्याच डबीवर, वायफायने जोडला. सारी पाने उघडू लागली. म्हणजे रस्त्यावरची तार, डबी आणि भरलेले बिल हे तिन्ही ठीक होते. फरक दोन उरले: एक तार, दुसरा संगणक. दोन फरक असताना निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून शेजारून दुसरी तार आणली आणि डबीच्या दुसऱ्या खाचेत लावली. परिणाम तोच. तेव्हा तारही सुटली. राहिला संगणक.

येथवर फोनवरच्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु “मशीन खराब आहे” आणि “मशीनमधील एखादी नोंद चुकीची आहे” या दोन वाक्यांत पाचशे रुपयांचे अंतर आहे.

पत्ता, गल्ली आणि वेस

पुढचे समजण्यासाठी जोडणीचे कार्य कसे चालते ते थोडे पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्यास आय.पी. पत्ता म्हणतात. त्याच्या जुन्या व अजूनही सर्रास वापरात असलेल्या प्रकारात सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. जगातील यंत्रांना ते पुरत नाहीत. म्हणून काही पत्ते घरातल्या घरात वापरण्यासाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. आपल्याकडे जसे प्रत्येक गावात एखादी मारुतीची गल्ली असते आणि त्यामुळे घोटाळा होत नाही, तसेच हे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी असू शकतात.

घरगुती जोडणीत सामान्यतः पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा आकडा म्हणजे घर. आमच्या डबीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असा आहे. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप तिच्यातूनच जातो, म्हणून तिला गेटवे म्हणतात. आपण गावाची वेस म्हणू. नवे यंत्र जोडले गेले, की डबी त्याला त्या गल्लीतला एक मोकळा घरक्रमांक आपोआप देते. या वाटपाच्या पद्धतीस डी.एच.सी.पी. असे नाव असून ती १९९३ साली ठरविण्यात आली. त्याआधी बहुधा प्रत्येक यंत्रात हे आकडे हाताने लिहून ठेवावे लागत. हाताने लिहिण्याची सोय आजही असते, आणि आमच्या दुखण्याचे मूळ तेथेच होते.

दादाच्या फोनवर वाचून मी संगणकात काळी चौकट उघडली व ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा लिहिली. संगणकाने आपला पत्ता सांगितला: १९२.१६८.०.२५, वेस: १९२.१६८.०.१. मग फोनमध्ये वायफायच्या नावावर बोट ठेवून पाहिले. फोनचा पत्ता १९२.१६८.१.५, वेस: १९२.१६८.१.१. दोन्ही ओळी वहीत एकीखाली एक लिहिल्या आणि फरक डोळ्यांत भरला. तिसरा आकडा वेगळा! संगणक अजून त्या जुन्या कचेरीच्या गल्लीत राहत होता आणि तेथील वेस शोधत होता. ती वेस आमच्या घरात असणार कुठून?

जोडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तर पूर्वीच्या मालकांनी हा पत्ता हाताने पक्का करून ठेवलेला होता. जुने आकडे वहीत उतरवून घेतले आणि ‘पत्ता आपोआप घ्या’ या अर्थाच्या पर्यायावर खूण केली. क्षणात पत्ता बदलला: १९२.१६८.१.७. संगणक आमच्या गल्लीत राहावयास आला.

मी आनंदाने पान उघडले. पान उघडले नाही.

संदेश बदलला म्हणजे आपण पुढे सरकलो

त्या क्षणी मला रडू आले, हे प्रांजळपणे सांगते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मग आप्पांचा पाट आठवला, आणि पाणी कुठवर आले ते पाहावयाचे ठरविले.

यासाठी ‘पिंग’ नावाची एक लहानशी आज्ञा असते. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात जो ध्वनी सोडतात व त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. पिंग एखाद्या पत्त्यावर हाक मारते आणि ‘ओ’ येते का, किती वेळाने येते, ते सांगते. हाका पायरीपायरीने माराव्यात:

पहिली हाक वेशीला, म्हणजे डबीला. ‘ओ’ न आल्यास दोष घरातच, तारेत किंवा पत्त्यात.

दुसरी हाक बाहेरच्या एखाद्या प्रसिद्ध आकड्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. वेस ओ देते आणि हा देत नाही, तर दोष वेशीपलीकडे असण्याचा संभव अधिक.

तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकडा ओ देतो आणि नाव सापडत नाही, तर दोष नावांच्या नोंदवहीत.

येथे एक सावधगिरी हवी. काही यंत्रे चालू असूनही पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून एका न आलेल्या उत्तरावरून निकाल देऊ नये, दोन-तीन ठिकाणी हाक मारून पाहावी.

आमच्या संगणकाला वेशीने ओ दिली. ८.८.८.८ नेही दिली! पाणी शेताच्या बांधापर्यंत आलेले होते. नाव घेतले मात्र, आणि उत्तर आले की असे नाव सापडत नाही.

नावांच्या या नोंदवहीस डी.एन.एस. म्हणतात. माणसांना नावे लक्षात राहतात, यंत्रांना आकडे लागतात; दोहोंची सांगड ही व्यवस्था घालते. पूर्वी, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वावतारात, सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ती ठेवलेली असे आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यावयाची असे. यंत्रे वाढली तसा हा व्याप आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती यादी वाटून देण्याची योजना मांडली. वरच्या नोंदवहीने खालच्या नोंदवहीचे ठिकाण सांगावे, तिने आणखी खालच्या नोंदवहीचे. तालुक्याला सर्व गावांचे सातबारे पाठ नसतात, परंतु कोणत्या गावचा तलाठी कोण हे ठाऊक असते. तसाच हा प्रकार.

आमच्या संगणकात नोंदवहीचा पत्तासुद्धा हाताने लिहिलेला होता आणि तोही जुन्या कचेरीतलाच. मी केवळ वरची खूण बदलली होती. तिच्या खालीच नोंदवहीसाठी दुसरी खूण असते, ती तशीच राहिली होती. तीही ‘आपोआप’ वर आणली.

हा दोष पुष्कळ घरांत आढळतो, म्हणून थोडे अधिक सांगते. कधीकधी जोडणी देणाऱ्याची स्वतःचीच नोंदवही मंदावते किंवा बंद पडते. अशा वेळी सार्वजनिक नोंदवहीचा आकडा हाताने लिहिता येतो. गूगलची ८.८.८.८ ही नोंदवही डिसेंबर २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही एप्रिल २०१८ पासून सर्वांना खुली आहे. मात्र हा आकडा बदलल्याने नेट दुप्पट वेगाने धावू लागते, ही समजूत बरोबर नाही. नाव शोधण्यास लागणारा वेळ तेवढा कमी होऊ शकतो; तारेतून येणारा प्रवाह आहे तेवढाच राहतो.

दोन्ही खुणा बदलल्यावर पान उघडले का? नाही. परंतु आता पडद्यावर निराळा मजकूर होता: ‘तुमची जोडणी सुरक्षित नाही.’ पहिल्यांदा ‘जोडणी नाही’, मग ‘नाव सापडत नाही’, आता ‘सुरक्षित नाही’. पहिल्या अपयशाने मला रडू आले होते. या वेळी आले नाही. संदेश बदलला याचा अर्थ आपण एक दार ओलांडून पुढच्या दाराशी आलो. मला या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाचे काय वाटले असेल, तर ते हे. पुष्कळ जण येथेच कंटाळून ‘काहीच उपयोग झाला नाही’ असे म्हणतात आणि केलेले सर्व पुसून टाकतात. त्या रात्री मी संदेश वहीत लिहून ठेवला आणि झोपले.

सेलाने केलेला घोटाळा

दुसऱ्या रात्री उत्तर सापडले, आणि तेही पडद्याच्या कोपऱ्यात. तेथे तारीख होती: १ जानेवारी २०१२!

सुरक्षित संकेतस्थळे आपल्या ओळखीचा एक दाखला दाखवीत असतात. त्या दाखल्यावर ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत ग्राह्य’ असे लिहिलेले असते. संगणक तो दाखला स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. आमच्या संगणकाच्या मते अजून २०१२ साल चालू होते. तेव्हा आजचा दाखला त्याला भविष्यकाळातला, म्हणून खोटा वाटला. त्याने आपल्या परीने चोख काम केले होते!

घड्याळ मागे का गेले? संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला, की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर घड्याळ आपल्या मूळ तारखेवर जाऊन बसते. मी तारीख व वेळ हाताने दुरुस्त केली, आणि पान उघडले. सेल दादाने पुढच्या आठवड्यात बदलून आणला.

त्याच रात्री तिन्ही अर्ज भरून झाले. मुदतीस एक दिवस शिल्लक होता.

इतर काही दोष

आमच्या घरी न घडलेले, परंतु नंतर गल्लीत पाहावयास मिळालेले काही दोष थोडक्यात देते.

डबीवर एल.ओ.एस. असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही; तार तुटली, वाकली वा निसटली आहे. अशा वेळी सेटिंगला हात लावणे व्यर्थ होय. सरळ तक्रार करावी व लाल दिव्याचा उल्लेख करावा.

यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला डबीकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे असे समजावे. तार किंवा वायफायची जोडणी तपासावी, डबी बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावी.

माजघरात नेट येते आणि मागच्या खोलीत येत नाही, तर तो दोष बहुधा लहरींचा. डबी लोखंडी कपाटाच्या मागे किंवा पत्र्याला लागून ठेवू नये. उंचावर, मोकळी ठेवावी. वायफायचे दोन पट्टे सर्रास आढळतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे बरा पोहोचतो, परंतु तेथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर दमतो. पहिल्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या डब्या एकमेकींवर कुरघोडी करीत असतील, तर डबीच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो चॅनल निवडावा. हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत.

डबीच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते. ते उगाच दाबू नये. त्याने डबीतील सर्व नोंदी पुसल्या जातात; जोडणी देणाऱ्याने भरलेले नाव व परवलीचा शब्दही कधीकधी जातो, आणि मग खरोखरच त्यांची वाट पाहावी लागते.

वहीतील चार ओळी

आमच्या डबीखाली आता खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर मी चार ओळी लिहिल्या आहेत. एक: बदलण्यापूर्वी जुने लिहून ठेवा. दोन: एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही. तीन: चालणारे यंत्र न चालणाऱ्याशेजारी ठेवून पाहा. चार: पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहा. यांतली एकही ओळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची मक्तेदारी नाही. ‘हा विषय आपला नव्हे’ असे म्हणून आपण, विशेषतः ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे पहिलेच माणूस आपण असतो अशा आपण, कितीतरी दारे स्वतःच लावून घेतो.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी जोडणीवाले गृहस्थ आले. संगणक चालू पाहून त्यांनी विचारले, “कुणाला बोलावलं होतं?” आई चहा ठेवण्यास आत गेली. आप्पा म्हणाले, “कुणाला न्हाई. पोरीनं दारं धरली.” त्या गृहस्थांना ते समजले की नाही कोण जाणे, पण चहा घेताना त्यांनी माझी वही मागून घेतली आणि ती शेवटपर्यंत वाचली.

वाचकांपैकी एखाद्याने जरी पुढच्या वेळी ‘नेट गेले’ असे न म्हणता ‘कुठवर येते आहे ते पाहू’ असे म्हटले, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.